फ्रेंच गॅस मास्क ‘बिनधास्त’ घेऊ नका: एका फिरत्या मेसेजला उत्तर

जुन्या लष्करी वस्तू जमवणाऱ्यांमध्ये एक मेसेज कानामात्रा न बदलता पुढे ढकलला जातो. त्याचा मथितार्थ असा: फ्रेंच गॅस मास्क बिनधास्त घ्या, ॲस्बेस्टॉस फक्त रशियन आणि इंग्रजी मास्कमध्ये असतं. सीलबंद फिल्टरमधला कोळसा कधी खराब होत नाही. 40 मिमीचा फिल्टर सगळ्यांना बसतो. तरीही भीती वाटली तर फिल्टर फोडून रिकामा करा. रबर कडक झालं तर पेट्रोलियम जेली चोळा. डब्यावरची तारीख म्हणजे मास्कची तारीख. आणि शेवटी भावनेला हात घालायचा म्हणून: पहिल्या महायुद्धात बेल्जियममधल्या ईप्रच्या लढाईत आपल्या जवानांनी हाच फ्रेंच एम-2 मास्क घातला होता.

यातलं एक विधान अर्धं खरं आहे, बाकीची चुकीची आहेत. घोळ पहिल्या दोन शब्दांतच आहे, कारण ‘फ्रेंच मास्क’ नावाची एक वस्तूच नाही. 1916 चा एम-2 म्हणजे रसायनात भिजवलेल्या मलमलीची पिशवी, त्याला वेगळा फिल्टर नाहीच. 1917 च्या एआरएसमध्ये बाहेरून रबर चढवलेलं कापड, आतून तेल किंवा मेण पाजलेलं लिनन आणि तोंडासमोर आट्यांनी बसणारी फिल्टरची डबी. एएनपी-31 ला नळी आहे आणि फिल्टर कडेच्या पिशवीत. दुसऱ्या महायुद्धानंतरचा एएनपी-51 हा रबराचा मुखवटा. शिवाय 1930 च्या दशकातले नागरी मास्क वेगळेच. साहित्य वेगळं, धोके वेगळे, जपायच्या पद्धतीही वेगळ्या. म्हणून हातात मास्क आला की आधी तो कोणता हे ठरवायचं.

“ॲस्बेस्टॉस फक्त रशियन आणि इंग्रजी मास्कमध्ये”

अर्धं खरं आहे ते हेच. एम-2 मध्ये ॲस्बेस्टॉस नाही. त्यात मलमलीचे 20 थर एका मिश्रणात आणि 20 थर दुसऱ्या मिश्रणात भिजवलेले असत. पहिल्यात एरंडेल तेल, अल्कोहोल, ग्लिसरीन आणि कॉस्टिक सोडा. दुसऱ्यात युरोट्रोपिन, ग्लिसरीन, निकेल सल्फेट आणि धुण्याचा सोडा. युरोट्रोपिन फॉस्जीन या विषारी वायूसाठी, निकेल हायड्रोसायनिक आम्लासाठी. युद्धकाळात असे सुमारे 2 कोटी 93 लाख मास्क बनले, म्हणूनच तो आजही बाजारात दिसतो.

पण ॲस्बेस्टॉस नाही म्हणजे निरुपद्रवी, असा अर्थ काढू नका. निकेलचे क्षार श्वासातून गेले तर कर्करोगकारक आहेत आणि त्वचेला लागले तर ॲलर्जी उठवतात. शंभर वर्षांनी मलमल कुरकुरीत होते आणि घडी उलगडताना पूड झडते. एम-2 हाताळताना नायट्राइलचे हातमोजे घाला, खाली पांढरा कागद अंथरा आणि घडी जिथे मोडली आहे तिथे जबरदस्तीने सरळ करू नका. चेहऱ्याला तर लावूच नका.

पुढच्या मास्कांचं गणित बदललं ते जुलै 1917 पासून. जर्मनांनी तेव्हा डायफेनिलक्लोरोआर्सीन वापरायला सुरुवात केली. हा वायू नव्हे, अतिसूक्ष्म कणांचा धूर. वायूचे रेणू भिरभिरत कोळशाच्या छिद्रांत जाऊन चिकटतात, पण धुराचा कण त्या मानाने जड आणि सुस्त असल्याने हवेच्या झोताबरोबर कोळशाच्या दाण्यांमधून सरळ निघून जातो. त्याला अडवायचं तर बारीक तंतूंचा दाट थर लागतो. कापूस, लोकर, सेल्युलोज हे आधी वापरून झालं. मग लक्षात आलं की त्यात ॲस्बेस्टॉसचे तंतू मिसळले तर धूर जास्त अडतो आणि श्वासही फार जड होत नाही. हा शोध काही एका देशापुरता राहिला नाही. ब्रिटिश फिल्टरमध्ये निळं ॲस्बेस्टॉस मिसळलेली लोकर होती, आणि ते फिल्टर जोडणाऱ्या कामगारांमध्ये पुढे मेसोथेलिओमाचे, म्हणजे ॲस्बेस्टॉसमुळे होणाऱ्या फुफ्फुसाच्या आवरणाच्या कर्करोगाचे, रुग्ण निघाले. 2014 मध्ये ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा कार्यकारी संस्थेने शाळांना सांगितलं की दुसऱ्या महायुद्धातले मास्क मुलांना घालायला देऊ नका.

फ्रान्समध्ये ॲस्बेस्टॉसवर सरसकट बंदी आली ती 1 जानेवारी 1997 पासून. त्याआधीच्या फ्रेंच फिल्टरला ‘फ्रेंच आहे म्हणून’ सूट द्यायला काहीच आधार नाही. 1930 नंतरचा धूर अडवणारा कोणताही फिल्टर, लष्करी असो वा नागरी, प्रयोगशाळेचा अहवाल हातात येईपर्यंत ॲस्बेस्टॉसयुक्तच समजायचा.

“भीती वाटली तर फोडून रिकामा करा”

मेसेजमधला सगळ्यात घातक सल्ला हाच. तंतूंचा थर डबीत दाबून बसलेला असतो तोवर तो बऱ्यापैकी जागच्या जागी राहतो. ड्रिल घातलं, पत्रा कापला, दाणे खळखळ ओतले की तेच तंतू मोकळे होऊन तासन्‌तास हवेत तरंगतात. म्हणजे ज्याला घाबरून हे करायचं, तेच खोलीभर पसरतं. युद्धोत्तर पाश्चात्त्य लष्करी फिल्टरमध्ये आणखी एक गोष्ट असू शकते. तांबं, चांदी आणि क्रोमियम यांचे क्षार पाजलेला कोळसा तेव्हा सर्रास वापरात होता, आणि त्यातलं सहा-संयुजी क्रोमियम स्वतःच कर्करोगकारक आहे. पहिल्या महायुद्धातल्या टिसो या फ्रेंच मास्कच्या पाठीवरच्या फिल्टरच्या डब्यात तर कॉस्टिक सोडा आणि लोखंडाचा कीस असे. उघडून बघायची ती वस्तू नव्हे.

करायचं ते असं. फिल्टर हलवून आवाज ऐकायचा नाही, फुंकायचा नाही, वास घ्यायचा नाही. मास्कपासून सावकाश वेगळा करायचा, अडकला असेल तर तसाच राहू द्यायचा. जाड पॉलिथिनच्या पिशवीत घालून तोंड बंद करायचं, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, आणि दोन्हींच्या मध्ये चिठ्ठी: कोणता फिल्टर, कधी बंद केला, ‘ॲस्बेस्टॉस संशयित, उघडू नये’. चिकटपट्टी थेट डबीवर लावू नका. काढताना मूळ रंग आणि शिक्के तिच्याबरोबर जातात.

मास्कच्या डब्यात आधीच राखाडी भुसा पडलेला असेल तर ब्रश किंवा घरचा व्हॅक्यूम क्लीनर लावायचा नाही. घरगुती व्हॅक्यूममधून बारीक तंतू मागच्या बाजूने परत खोलीत येतात. एक लिटर पाण्यात चहाचा चमचाभर भांड्यांचा साबण घाला, त्यात ओला करून पिळलेला कागदी रुमाल वापरा, एका दिशेने एकदाच पुसा, घडी घालून ओलाच पिशवीत टाका. तोंडावर पी-100 किंवा पी-3 दर्जाचा मास्क. करोनात उरलेला एन-95 या कामाला पुरेसा समजू नका. भुसा जास्त असेल तर डबा तसाच दोन पिशव्यांत बांधून ॲस्बेस्टॉस तपासणाऱ्या प्रयोगशाळेला विचारा.

प्रदर्शनात मास्क फिल्टरसकट दिसायला हवा असेल तर त्याच मापाची पोकळ प्रतिकृती थ्री-डी छपाईने करून घ्या आणि आतल्या बाजूला ‘प्रतिकृती’ असं कोरा. मूळ डबी फोडली की तिचं संग्रहमूल्यही गेलंच.

“सीलबंद कोळसा कधी खराब होत नाही”

कोळसा सडत नाही हे खरं, पण फिल्टर म्हणजे नुसता कोळसा नव्हे. सीलची पट्टी किंवा रबरी बूच आधी तडकतं, तेही डोळ्यांना न दिसता. मग ओल शिरते आणि वायूसाठी असलेल्या जागा पाण्याने भरतात. कोळशावर पाजलेले क्षार ओलीने बदलतात, सहा-संयुजी क्रोमियम हळूहळू तीन-संयुजी होतं आणि सायनोजेन क्लोराइड हा विषारी वायू अडवण्याची ताकद जाते. ऐंशी वर्षं ट्रक, गोदामं, लिलाव फिरताना दाणे एकमेकांवर घासून बसतात आणि डबीच्या एका कडेला पोकळी राहते. हवा कायम सोपी वाट धरते, ती त्या पोकळीतून जाते. अशा फिल्टरमधून श्वास छान मोकळा येतो, आणि लोक त्यालाच ‘चालू कंडिशन’ म्हणतात!

रंग फवारताना किंवा गोदामात धूर झाल्यावर जुना मास्क घालणारेही आहेत. साधा कोळसा कार्बन मोनॉक्साइड अडवत नाही, आणि हवेत ऑक्सिजनच कमी असेल तर कोणताही फिल्टर तो तयार करत नाही.

“40 मिमीचा फिल्टर सगळ्यांना बसतो”

एम-2 ला आटेच नाहीत. एआरएसची डबी मोठ्या व्यासाची. एएनपी-31 ची नळी. म्हणजे यादीतले पहिले तीन इथेच गळाले. आजचं प्रमाण म्हणजे बाहेरचा व्यास 40 मिमी आणि एका इंचात 7 आटे, म्हणजे दोन आट्यांत साधारण 3.63 मिमी अंतर. व्हर्नियरने व्यास मोजा, मग पट्टी लावून 25.4 मिमीत किती आटे येतात ते मोजा. व्यास जुळून आटे न जुळणं हा नेहमीचा फसवा प्रकार. अर्ध्या फेऱ्यात अडलं की थांबा, पुढचा जोर जुन्या पत्र्याचे आटे खातो.

आणि नवा फिल्टर बसलाच, तरी मास्क जिवंत होत नाही. श्वास बाहेर सोडण्याची रबरी झडप कडक होऊन कडेने वळलेली असते, त्यामुळे आत ओढलेली हवा फिल्टर टाळून तिथूनच येते.

“पेट्रोलियम जेली चोळा”

नैसर्गिक रबर खनिज तेल शोषतं, फुगतं आणि नंतर चिकट होऊन लोंबतं. महिनाभर मऊ वाटतं, तेवढ्या भरवशावर विकणारा विकून मोकळा होतो. एआरएसवर तर हे आणखी वाईट, कारण तिथे रबर कापडावर चढवलेलं आहे. तेल मधे शिरलं की थर सुटे होतात. गरम पाण्यात बुडवून आकार परत आणण्याचा उपायही तसाच, त्यात आतलं मेण वितळतं. टाल्क फक्त भेगा लपवतं.

रबर परत मऊ होत नाही. आहे तिथे थांबवता येतं, एवढंच. अंधार, गारवा आणि आकाराला आधार. आत वर्तमानपत्र न कोंबता आम्लरहित कागद सैलसर भरा. पट्टे ताणून टांगू नका. तांब्या-पितळेचा भाग रबराला टेकत असेल तर मधे पॉलिएस्टरची पातळ फिल्म घाला, तांब्यामुळे रबर लवकर कुजतं. आर्द्रता 45 ते 55 टक्के ठेवा. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर हे कपाटात आपोआप होत नाही. झाकणाचा प्लॅस्टिक डबा, सिलिका जेल आणि आतला आकडा दाखवणारं छोटं हायग्रोमीटर एवढं तरी हवंच.

याला अपवाद डोळ्यांसमोरच्या सेल्युलॉइडच्या पारदर्शक खिडक्यांचा. त्या हवाबंद डब्यात ठेवायच्या नाहीत. सेल्युलॉइड म्हणजे सेल्युलोज नायट्रेट, ते विघटन होताना आम्लधर्मी वायू सोडतं आणि शेजारचं कापड व पत्रा खातं. पिवळेपणा, चिकटपणा किंवा कापरासारखा वास आला तर तो मास्क बाकीच्यांपासून लांब, हवेशीर ठेवा. हे झटकन पेट घेतं, म्हणून कपाटातला दिवाही जवळ नको.

“डब्यावरची तारीख म्हणजे मास्कची तारीख”

डबा, मुखवटा आणि फिल्टर या तीन सुट्या वस्तू. फिल्टर वापरून बदलला जाई, मुखवटे दोन युद्धांच्या मधे दुरुस्त होत, आणि एआरएस 1940 मध्येही दुय्यम तुकड्यांकडे होता. त्यामुळे 1918 चा डबा आणि नंतरची डबी ही जोडी खोटीच असेल असं नाही, पण ‘1918 चा संच’ म्हणून तिचे पैसे मोजू नका. तीनही शिक्के वेगवेगळे वाचा. एआरएसच्या डब्याचा रंग बघायचा तर बिजागरीखाली आणि झाकणाच्या आतल्या कडेला बघा. निळ्यावर खाकी चढलेला असणं स्वाभाविक. खाकीवर किंवा गंजावर निळा दिसला तर तो विकायला काढताना मारलेला. उभ्या खोबणींचा डबा दिसला की लोक त्याला जर्मन म्हणतात, तेही तपासा. पोलंडचा आरएससी मास्क एआरएसवरच बेतलेला आहे, तो फ्रेंच म्हणून गळ्यात पडू शकतो.

“ईप्रला आपल्या जवानांनी एम-2 घातला होता”

तारखा मांडल्या की झालं. ईप्रला क्लोरीन सोडला 22 एप्रिल 1915 रोजी. लाहोर डिव्हिजन त्या वायूला सामोरी गेली 26 एप्रिलला. 57 व्या वाइल्ड्ज रायफल्सबरोबर लढणाऱ्या जमादार मीर दस्त यांना त्याच दिवसाच्या कामगिरीबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. भारतीय पायदळाच्या लाहोर आणि मेरठ या दोन्ही डिव्हिजन 1915 संपता संपता फ्रान्समधून मेसोपोटेमियाकडे निघाल्या. एम-2 सैन्याच्या हाती पडला 1916 मध्ये. त्या एप्रिलमध्ये खंदकात होतं ते ओल्या फडक्याचं संरक्षण. भारतीय घोडदळ पुढे 1918 पर्यंत फ्रान्समध्ये राहिलं हे खरं, पण मेसेज बोलतो ईप्रबद्दल. ‘भारतीय पायदळ, ईप्र 1915’ अशी चिठ्ठी लावलेला एम-2 समोर आला तर मास्क खरा असू शकेल, चिठ्ठी नाही. भाव मास्कचा द्या.