‘दुसरीकडे हेच फुकट मिळालं’ या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार.

आमच्या शिक्षण सल्ला केंद्राला दिलेला तुमचा एक स्टारचा अभिप्राय वाचला. तक्रारी अशा: सल्ल्याचे दोन हजार रुपये घेतले आणि ‘आत्ता ॲडमिशन घेऊ नका’ सांगून परत पाठवलं, अमेरिकन विद्यापीठाच्या सायबर सिक्युरिटीच्या ऑनलाइन मास्टर्सवर व्हिसा मिळत नाही म्हणून घाबरवलं, आणि तुम्ही सॉफ्टवेअर टेस्टिंगमधले, म्हणून ‘टेक्निकल’ सोडून पॉलिसीचा, म्हणजे सुरक्षेचे नियम आणि धोरणं ठरवण्याचा, कोर्स गळ्यात मारायला बघितला. शेवटी लिहिलंय की दुसऱ्या एका ठिकाणी हीच माहिती फुकट मिळाली, वर नोकरीची शंभर टक्के हमी. त्या दिवशी तुमच्याशी मीच बोलले होते, तेव्हा उत्तरही मीच देते. तुमच्याविषयी तुम्ही स्वतः जेवढं जाहीर लिहिलंय तेवढ्यावरच बोलेन.

पैशाचं पटकन उरकते. फुकट सल्ला देणाऱ्या बऱ्याच केंद्रांना तुमच्या प्रवेशामागे विद्यापीठाकडून कमिशन मिळतं. त्यात बेकायदा काही नाही. आम्ही ते घेत नाही, म्हणून ‘थांबा’ म्हणणं आम्हाला परवडतं. फीचा बोर्ड दारातच आहे.

आता व्हिसा. जॉर्जिया टेकचा सायबर सिक्युरिटीचा ऑनलाइन मास्टर्स २०१९ पासून चालू आहे. ३२ क्रेडिटची ही पदवी नोकरी सांभाळून दोन-तीन वर्षांत होते आणि खर्च तिथे जाऊन शिकण्यापेक्षा कितीतरी कमी येतो. त्या दर्जाच्या विद्यापीठाची पदवी या किमतीत मिळते याचं कौतुक तुमच्यासमोर मीच केलं होतं. पण ती घरी बसून करायची पदवी आहे. अमेरिकेच्या एफ-१ (विद्यार्थी) व्हिसाच्या नियमात एका सत्रात ऑनलाइन विषय एकच, म्हणजे तीन क्रेडिटपुरता, पूर्णवेळ अभ्यासात धरला जातो. सगळाच कोर्स ऑनलाइन असेल तर त्यावर आय-२०, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठाने द्यायचा प्रवेशाचा दाखला, मिळत नाही. आय-२० नाही तर एफ-१ नाही, आणि एफ-१ नाही तर शिक्षण संपल्यावर तिथे काम करायची ओपीटीची सवलतही नाही. तुम्हीच अभिप्रायात लिहिलंय की दोन वर्षांत ‘तिकडे सेटल व्हायचंय’. ज्याचा हेतू हा आहे त्याला हे पैसे भरण्याआधी सांगायचं नाही, तर मग सांगायचं तरी काय? इथेच राहून या क्षेत्रात पुढे जायचं असेल तर हाच कोर्स उत्तम, हेही तेव्हा बोलणं झालं होतं. ते तुमच्या अभिप्रायात आलेलं नाही.

पॉलिसीच्या मुद्द्यावर मात्र मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण हा गैरसमज रोज भेटतो. जॉर्जिया टेकच्या त्या कोर्सला तीन शाखा आहेत: माहिती सुरक्षा, सायबर-फिजिकल यंत्रणा (आधीचं नाव ऊर्जा यंत्रणा) आणि पॉलिसी. पहिल्या शाखेत प्रोग्रामिंग चांगलं पक्कं लागतं. माहिती सुरक्षेची नुसती तोंडओळख करून देणाऱ्या विषयातही बफर ओव्हरफ्लो (मेमरीची मर्यादा ओलांडून प्रोग्राम ताब्यात घेणं), मालवेअरचं विश्लेषण, लॉगफोरजे या सॉफ्टवेअरमधली फट, आरएसए ही सांकेतिक लिपी फोडणं असले प्रकल्प दिलेले आहेत. बऱ्याच विषयांत ते जगाच्या शेवटच्या टाइम झोनप्रमाणे रविवार संपायच्या आत द्यायचे असतात. आपल्याकडे तेव्हा सोमवारची संध्याकाळ, साडेपाचला एक मिनिट कमी, आणि तुम्ही ऑफिसात. म्हणून मी म्हटलं होतं, आधी सहा महिने लिनक्स, नेटवर्किंग, पायथन आणि थोडी सी भाषा करा, मग पहिल्या शाखेला अर्ज करा. किंवा आत्ताच सुरू करायचंय तर पॉलिसी बघा. पर्याय दोन होते. तुम्हाला एकच ऐकू आला.

आणि पॉलिसी म्हणजे दुय्यम, हे कोणी ठरवलं? ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेचे ९४ कोटी गेले. बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढणं सुरू झालं तो शनिवार होता. अशा वेळी कोणी कोणाला उठवायचं, कुठलं यंत्र कोणाच्या सहीने बंद करायचं, हे आधी लिहून, घोकून ठेवावं लागतं. एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) आदेशानुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत त्यांना कळवावं लागतं आणि लॉग, म्हणजे यंत्रणेतल्या हालचालींच्या नोंदी, १८० दिवस जपून ठेवावे लागतात. हे सगळं बसवणारी माणसं बँकांना आणि कंपन्यांना हवी आहेत. टेस्टिंगमधल्या माणसाला ‘हे कुठे मोडेल’ असा विचार करायची सवय असते. मला तरी ती जमेची बाजू वाटते.

नोकरीच्या हमीबद्दल. कुठली नोकरी, ते लेखी घ्या. बहुतेकदा ती सिक्युरिटी ऑपरेशन्स सेंटरमधली पहिल्या पायरीची, रात्रपाळीची असते. नोकरी वाईट नाही, पण पाच वर्षांच्या अनुभवानंतर तुम्ही ती घ्याल का? तुमच्या अभिप्रायात सीआयएसएसपी या सायबर सुरक्षेच्या व्यावसायिक प्रमाणपत्राचाही उल्लेख आहे. त्याला आठ ठरावीक विषयांपैकी किमान दोन विषयांतला पाच वर्षांचा अनुभव लागतो, आणि पदवीमुळे त्यातलं जास्तीत जास्त एकच वर्ष माफ होतं. ते तुमच्या चार वर्षांच्या बी.ई.वरच मिळतं. मास्टर्स केलंत म्हणून आणखी एक सुटत नाही. साधं फंक्शनल टेस्टिंग त्या अनुभवात धरलं जात नाही. सध्याच्याच कंपनीत सिक्युरिटी टेस्टिंगच्या टीममध्ये बदली मागा, असं मी सुचवलं ते यासाठी. त्याला फी लागत नाही.

त्या दुसऱ्या केंद्राने तुम्हाला ‘ऑनलाइन एम.टेक.’ दाखवलंय असं दिसतं. यूजीसीच्या २०२० च्या ऑनलाइन नियमावलीत अभियांत्रिकीच्या पदव्या बसत नाहीत. एमसीए, एम.एस्सी. बसतात, आणि मान्यता असलेल्या विद्यापीठाची तशी ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते. आयआयटी कानपूरचा सायबर सिक्युरिटीचा ई-मास्टर्स हा वेगळा प्रकार, तो संस्थेच्या स्वतःच्या अधिकारातला. त्याला गेट लागत नाही, आणि तुम्हाला दिलेल्या आमच्या लेखी टिपणात तो दुसऱ्या क्रमांकावर होता. तेव्हा पैसे भरण्याआधी डीईबीच्या (यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या) संकेतस्थळावर विद्यापीठ आणि कोर्स, दोन्हींची नावं शोधा. नुसतं विद्यापीठाचं नाव सापडून भागत नाही.

फी परत मिळणार नाही. सल्ला दिलेला आहे, लेखी टिपणासकट. पण त्या केंद्राचं माहितीपत्रक घेऊन या, एकत्र बसून वाचू. त्याचे पैसे घेणार नाही. गुरुवारी बंद असतं, एरवी दुपारी चारनंतर केव्हाही या.

आणि एक. अभिप्रायाला जोडलेल्या पावतीच्या फोटोत तुमचा मोबाईल नंबर आणि ईमेल स्पष्ट वाचता येतोय. तो फोटो काढा, झाकून पुन्हा टाका. अभिप्राय राहू दे.