रोज सकाळी ती गोळी कशासाठी?

ठाणे स्टेशनजवळच्या कुठल्याही मेडिकलमध्ये सकाळच्या गर्दीत एक वाक्य हमखास कानावर पडतं: "ॲसिडिटीची ती नेहमीची पट्टी द्या." चिठ्ठी कोणी दाखवत नाही आणि कोणी मागतही नाही. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल, राबेप्राझोल, नावं निरनिराळी, काम एकच: जठरातलं आम्ल कमी करणं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायचं हे औषध आहे. माझ्या नात्यात, सोसायटीत अशी बरीच माणसं आहेत ज्यांना ही गोळी कोणी सुरू केली तेच आता आठवत नाही. कधीतरी दाढ दुखली, वेदनाशामक गोळ्यांसोबत पाच दिवसांसाठी दिली गेली, आणि ती तशीच चालू राहिली. मला हे बघवत नाही, म्हणून लिहितेय.

जठरातलं आम्ल ही शरीराची चूक नाही. ते हायड्रोक्लोरिक आम्ल आहे, रिकाम्या पोटी त्याचा पीएच साधारण १.५ ते ३.५ असतो, म्हणजे चांगलंच जहाल. डाळीतली, अंड्यातली प्रथिनं त्यानेच उलगडतात. त्याच्यामुळेच पेप्सिन हा पाचक रस कामाला लागतो आणि प्रथिनांचे तुकडे पडायला सुरुवात होते. पाण्यातून, उघड्यावरच्या चटणीतून पोटात गेलेले पुष्कळसे जंतू इथेच मरतात. आणि बी-१२. हे जीवनसत्त्व अन्नातल्या प्रथिनांना चिकटलेलं असतं, ते सुटं करायला आम्ल लागतं. मग जठरातच तयार होणाऱ्या एका प्रथिनाच्या सोबतीने ते लहान आतड्याच्या शेवटच्या टप्प्यापर्यंत पोहोचतं आणि तिथे रक्तात शिरतं.

आता आपल्याकडची घरं डोळ्यांसमोर आणा. काकू शाकाहारी, म्हणजे बी-१२ येणार ते दूध-दह्यातून, तेही बेताचंच. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू, त्यानेही बी-१२ कमी होतं. वर कित्येक वर्षं ही गोळी. मग पायाला मुंग्या येतात, थकवा जात नाही, विसरायला होतं, आणि आपण म्हणतो, वय झालं. एक साधी रक्ततपासणी कोणाला सुचत नाही. ही गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत मॅग्नेशियम कमी होणं, आतड्यांचे काही संसर्ग वाढणं हेही दिसलेलं आहे.

शिवाय छातीत जळजळतं तेव्हा बहुतेक वेळा आम्ल जास्त झालेलं नसतं, ते नको त्या जागी गेलेलं असतं. जठराला आतून श्लेष्माचं संरक्षण आहे, अन्ननलिकेला तसं नाही. दोघांच्या मधली झडप सैल पडली की आम्ल वर चढतं. पोटावरची चरबी, सिगारेट, दारू, तेलकट जेवण आणि पोट भरल्या भरल्या आडवं होणं, ही त्याची नेहमीची कारणं. जेवण जठरातून पुढे सरकायला दोन ते चार तास लागतात, तेलकट असेल तर जास्तच. आणि आपण? लोकलमधून उतरायचं, घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून घरी पोहोचायचं, साडेदहाला ताट वाढायचं, अकराला झोप.

"रात्री लवकर जेवा" हा सल्ला मला तरी निर्दयी वाटतो. साडेनऊला घरात शिरून कुकर लावणारी बाई लवकर जेवणार कधी? पण दुसरा डबा नेता येतो. संध्याकाळी सहा-साडेसहाला ऑफिसातच पोळी-भाजी खाऊन घ्यायची, वडापाव नाही, आणि घरी आल्यावर वाटीभर मुगाची खिचडी किंवा ताकभात. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा, झोपताना डावी कूस. याने बऱ्याच जणांना खरोखर आराम पडतो.

औषध वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाही. अल्सर, म्हणजे पोटात आतून पडणारी जखम, तिखट खाण्याने आणि चिंतेने होतो असं डॉक्टरसुद्धा मानत असत. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी अल्सरमागचा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू शोधला, मार्शल यांनी १९८४ साली तो स्वतः पिऊन पाहिला, आणि २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. त्या जंतूवर अँटिबायोटिकसोबत हीच गोळी देतात, ठरावीक दिवस. ॲस्पिरिन घेणाऱ्या काही हृदयरुग्णांना तर ती रक्तस्राव टाळण्यासाठी लागतेच. म्हणून ही पोस्ट वाचून कोणीही परस्पर बंद करू नका. एकदम थांबवली की काही आठवडे आम्ल उलट उसळू शकतं. डॉक्टरांना विचारा: मला ही कशासाठी दिली आहे, आणि किती दिवस? घेत असाल तर जेवणाआधी अर्धा तास घ्या, कारण आम्ल तयार करणारे पंप जेवताना चालू होतात आणि औषध चालू पंपांवरच काम करतं. गिळताना अडकत असेल, वजन आपोआप उतरत असेल, शौचाला डांबरासारखं काळं होत असेल, तर गोळी बदलत बसू नका, तपासणी करा.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो "गॅस झालाय" या शब्दांनी. छातीवर दाब, घाम, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, आणि घरचे ओवा शोधतायत. बायकांमध्ये आणि मधुमेह्यांमध्ये तर कधी नुसती मळमळ आणि धाप एवढंच होतं. अशा वेळी रात्रीचे दोन वाजले असले तरी शेजाऱ्यांना उठवा, १०८ ला फोन लावा, ईसीजी करा. हृदय ठीक आहे असं डॉक्टरांनी सांगितल्यावर मग पोटाचं बघू.