गाडी जर्मनीत घ्या, पैसे कोल्हापुरातून भरा

तुमचं पोरगं जर्मनीत आहे? नोकरीला लागून तीन-चार वर्षं झाली? आणि परवा व्हिडिओ कॉलवर हळूच म्हणालं, "पप्पा, गाडी बुक केलीय, डायरेक्ट कारखान्यातनंच ताब्यात घेणाराय"? अभिनंदन. आता छाती फुगवून म्हणा, "शेवटचे पैसे मी भरतो." मी म्हटलं होतं. म्हणताना बायको शेजारीच बसली होती, तिनं नुसतं माझ्याकडं बघितलं. तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

तिकडं ही पद्धत जुनी आहे. वोल्फ्सबर्गला फोक्सवॅगनचे काचेचे दोन मनोरे आहेत, ४८ मीटर उंच, एकेकात ४०० गाड्या फडताळात डबे ठेवल्यासारख्या. म्युनिकला २००७ पासून गाडी द्यायला बीएमडब्ल्यूची एक वेगळी इमारतच उभी आहे. गिऱ्हाईक वरून जिना उतरून येतं आणि खाली त्याची गाडी चकतीवर गोल फिरत असते. आमच्या पोराचा कारखाना कुठला ते सांगत नाही, त्या बिचाऱ्यांची यात काही चूक नाही. आपल्याकडं शोरूमवाला हार, पेढे, चाकाखाली लिंबू आणि पुठ्ठ्याची तीन फुटी किल्ली देतो, तिकडं कारखाना हिंडवून कॉफी पाजतात. अट मात्र दोन्हीकडं एकच. आधी पैसे.

सुरुवात मुहूर्तापासून करा. दसराच धरा. कोल्हापूरच्या माणसानं गाडी दुसऱ्या कुठल्या दिवशी घ्यायची? २०२५ चा दसरा २ ऑक्टोबरला, गुरुवारी होता. इथं दसरा आणि गांधी जयंती एकाच दिवशी, म्हणजे बँक बंद. तिकडं ३ ऑक्टोबरला दोन्ही जर्मनी एक झाल्याची सुट्टी. मग शनिवार, मग रविवार. गुरुवार हुकला की सोमवारपर्यंत कुणी फोन उचलणार नाही, असा दिवस पंचांगात सापडायलाही नशीब लागतं. त्याआधी २१ सप्टेंबरपर्यंत पितृपक्ष, त्यात पैसे हलवायचे नाहीत असा घरातून हुकूम. म्हणून मी घटस्थापनेला, २२ तारखेला बँकेची पायरी चढलो. त्याच दिवशी इथं लहान गाड्यांचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. अख्खं कोल्हापूर शोरूममध्ये आणि मी एकटा टोकन घेऊन बँकेत.

शाखा ओळखीचीच निवडा. उद्यमनगरात माझं वर्कशॉप आहे, वीस वर्षं तिथंच खातं, तिथंच कॅश क्रेडिट. एवढ्या ओळखीचा फायदा असा की चहा मिळतो. चहा संपल्यावर कळतं, परकीय चलनाचं काम या शाखेत होत नाही. कागद स्कॅन होऊन मुंबईला जातात आणि मुंबईहून प्रश्न येतात. मुंबईत नेमकं कोण बसतं हे शाखेलाही ठाऊक नाही. नैवेद्य दाखवायचा आणि कौलाची वाट बघायची.

बिल जर्मन भाषेत असू द्या. "काका, हे इंग्लिशमध्ये आणा." जर्मन शिकवणाऱ्या एका मॅडमकडून भाषांतर करून नेलं, तर त्यावर शिक्का नाही. शिक्का मारून नेलं, तर ओरिजिनल कुठाय? ओरिजिनल ईमेलनं आलंय. मग त्या ईमेलची प्रिंट काढून मीच तिच्यावर सही केली. ती चालली. माझ्या सहीनं जर्मन कंपनीचं बिल अस्सल ठरलं, हे पोराला अजून सांगितलेलं नाही.

जर्मन बँकेचा आयएफएससी कोड मागितला तर हसू नका. तिकडं आयबॅन म्हणजे आंतरराष्ट्रीय खातेनंबर असतो, बावीस अक्षर-आकड्यांचा, डीई अक्षरांनी सुरू होणारा, हे शांतपणे सांगा. दोनदा सांगा.

परदेशी पैसे पाठवताना आयकर खात्याला द्यायचा १५ सीएचा फॉर्म? माझ्यासारख्यानं पाठवलेल्या असल्या रकमेला तो लागत नाही, नियमातच सूट आहे, माझ्या सीएनं सांगितलं. तरी द्या. "असू दे हो फाइलला."

पैसे कशासाठी पाठवताय या रकान्यात चुकूनही खरं लिहू नका. मी लिहिलं, 'मुलाच्या गाडीसाठी'. झालं. गाडी कुठल्या बंदरात उतरणार? आयात-निर्यात कोड आहे का? मी म्हटलं, साहेब, गाडी इकडं येणारच नाही, तिकडंच राहणार. साहेबांनी चष्मा काढला आणि मनापासून विचारलं, "मग तुम्हाला काय उपयोग?"

याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. अजून नाही.

शेवटी 'नातेवाइकाला भेट' असं ठरलं. भेटच होती, चूक काही नाही. वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत माणसाला बाहेर पाठवता येतात, माझे होते साडेसतरा हजार युरो. आता तुम्ही म्हणाल, भेट होती तर सरळ पोराच्या खात्यावर टाकायची, त्यानं कंपनीला भरले असते. बरोबर आहे. पण मला कंपनीची पावती पाहिजे होती, माझ्या नावाची, फ्रेम करून वर्कशॉपात लावायला. इथं शिरोलीत, गोकुळ शिरगावात ओतलेले गाड्यांचे पार्ट साता समुद्रापार जातात, मग उद्यमनगरातल्या पाटलाचा पैसा का जाऊ नये? ही माझी मस्ती. मान्य.

दराचं विचारू नका. तेव्हा गूगलवर युरो १०४ च्या आसपास होता, बँकेत १०५.

त्यानंतर टीसीएस, म्हणजे पैसे बाहेर पाठवतानाच बँक आगाऊ कापून घेते तो कर. बँकेच्या दरानं रक्कम झाली १८ लाख ३७ हजार ५००. दहा लाखांच्या वर जेवढे जातील त्यावर वीस टक्के, म्हणजे १ लाख ६७ हजार ५०० रुपये सरकारकडं जमा. तो आयकरात वळता होतो, बुडत नाही, हे मला कळतं. मी धंद्यातला माणूस आहे. पण दिवाळीच्या तोंडावर बोनसला ठेवलेले पैसे त्यात गेले, हे त्या वीस टक्क्यांना कळत नाही. बरं, गंमत पुढंच आहे. पैसे कापले गेल्यावर तेच साहेब म्हणाले, "काकींच्या पॅनवर निम्मे पाठवायचे होते की. दोघांचेही दहा लाखांच्या आत बसले असते, टीसीएस शून्य." कधी म्हणाले? कापल्यावर. चार दिवस मी समोर बसून होतो, माझा पगारपत्रकाचा गठ्ठा चाळला, तीन वर्षांची रिटर्न बघितली, माल भारतात उतरल्याचा कस्टमचा कागद, बिल ऑफ एंट्री, मागून झालं, आणि हे एक वाक्य बोलायला मुहूर्त लागला पैसे गेल्यावरचा. वर चलन बदलून दिल्याबद्दल जीएसटी १,१४१ रुपये. त्याची मात्र पावती लगेच.

आता सगळ्यात महत्त्वाचा सल्ला. फॉर्मवर शेवटी एक बारीक चौकट असते. वाटेतल्या बँकांचा खर्च कुणी सोसायचा: पाठवणाऱ्यानं, घेणाऱ्यानं, की दोघांनी आपापला. ही चौकट भरू नका. काउंटरवरच्या मॅडम स्वतःच टिक करतात, 'दोघांनी आपापला', कारण सिस्टीममध्ये तसंच येतं. मी सही केली. शुक्रवारी, २६ तारखेला माझ्या खात्यातून पूर्ण साडेसतरा हजार युरोचे पैसे गेले आणि मंगळवारी कंपनीच्या खात्यात पोचले १७,४७८. बावीस युरो मधल्या कुठल्यातरी बँकेनं चालता चालता काढून घेतले. कुठल्या? माहीत नाही. शाखेला माहीत नाही, मुंबईला माहीत नाही. टोलनाक्यावर तरी पावती मिळते राव!

बावीस युरोचं काय एवढं? पोरानं रात्री मोबाइलवरून दहा सेकंदांत भरले. पण मी पैसे पाठवताना गाडीचा ऑर्डर नंबर लिहून दिला होता, तो शाखेनं पुढं टाकलाच नव्हता. का? "त्याला कॉलम नव्हता." कॉलम असतो! बँका एकमेकींना पैशाचा निरोप धाडतात त्या स्विफ्टच्या संदेशात तेव्हा पस्तीस-पस्तीस अक्षरांच्या चार ओळी असायच्या नेमक्या याचसाठी, मी नंतर वाचलं. त्यामुळं माझे १७,४७८ युरो कंपनीच्या खात्यात बेवारस पडून. वर पाठवणाऱ्याचं नाव माझं, गाडी पोराच्या नावावर. कंपनी विचारते, हे गृहस्थ कोण? नातं काय? पासपोर्ट पाठवा. रास्त आहे, त्यांच्याकडं काळ्या पैशाचा कायदा कडक आहे. फक्त संदेशाची प्रत पाठवा, आम्ही जुळवून घेतो, असं त्यांनी १ तारखेलाच कळवलं. ती प्रत आमच्या शाखेकडं मागितली. मुंबईला मेल केलाय. उद्या दसरा. परवा बघू.

आणि पैसे जुळले नाहीत तर गाडीचा मूळ कागद कंपनीतून निघत नाही. कागद नाही तर तिकडच्या आरटीओत नोंदणी नाही. नोंदणी नाही तर नंबरप्लेट नाही, प्लेट नाही तर कारखान्याच्या दारातून गाडी बाहेर नाही. पोरानं आवडीचा नंबर घेऊन ठेवला होता, एमएच ०९ ची आठवण म्हणून नऊचा. तिकडं आवडीच्या नंबराला दहा युरो वीस सेंट लागतात. आपल्याकडं ०००१ ला लाखांत मोजावे लागतात. तेवढी एकच गोष्ट स्वस्तात झाली, आणि तीही वाया जायची वेळ आली.

दसऱ्याला संध्याकाळी मी दसरा चौकात. हातात आपट्याची पानं. पाव्हणे विचारतायत, "काय पाटील, लेकाची गाडी आली न्हवं?" मी म्हटलं, आली की. पहिल्यांदा सणाच्या दिवशी खोटं बोललो. घरी पेढ्याचे तीन किलोचे बॉक्स आधीच आले होते, ते शेजाऱ्यांना दसऱ्याचे म्हणून वाटले. पोरगं तिकडं सुट्टी टाकून खोलीत बसलेलं. रेल्वेचं तिकीट काढलेलं, कारखान्यातलं जेवण बुक केलेलं. फोनवर म्हणालं, "असू दे पप्पा." त्या असू देनं जास्त लागलं.

गाडी १४ ऑक्टोबरला मिळाली, मंगळवारी, कुठलाच मुहूर्त नसताना.

तर वाचकहो, शेवटचा सल्ला... नाही, राहू दे सल्ला. नोव्हेंबरात बँकेचा फोन आला. "काका, बिल ऑफ एंट्री जमा करा. माल भारतात आल्याचा पुरावा सिस्टीममध्ये पेंडिंग दिसतोय."

माल? अहो, आयात असेल तर माझा टीसीएस कशाला कापला? आणि भेट असेल तर बिल ऑफ एंट्री कुठलं मागता? दोन्ही एकदम कसं असेल? एक काहीतरी धरा की! टीसीएस कापताना भेट आणि कागद मागताना आयात? मी लिहिलेलं कुणी वाचलं का? एकानं तरी? माझा पैसा पांढरा आहे, कर भरलेला आहे, प्रत्येक कागदावर मी सही केलीय. हवालावाल्याकडं गेलो असतो तर संध्याकाळी काम झालं असतं, एक प्रश्न विचारला नसता कुणी. गेलो नाही, कारण ते बेकायदा आहे. आणि सरळ वाटेनं आलो तर चोरासारखं तुम्ही मलाच विचारताय? काउंटरवर एक कागद चिकटवा: एवढा दर, एवढा टीसीएस, वाटेत कापू नयेत म्हणून ही चौकट, ऑर्डर नंबर इथं लिहा. पाच ओळी. एवढं करायला मुंबईची परवानगी लागते? आणि 'सिस्टीममध्ये येतं' म्हणू नका. सिस्टीमसमोर तुम्ही बसलाय, पगार तुम्ही घेताय, टिक तुम्ही केलीय.

आणि मॅडम, ती पेंडिंगची ओळ तुम्हीच काढा. मी परत टोकन घेणार नाही.