‘बेकायदा मुलांना कॉलेज फुकट’ – हे खरं नाहीये

अमेरिकेतल्या आपल्या मराठी ग्रुप्सवर एक मेसेज फिरतोय, की कागदपत्रं नसलेल्या मेक्सिकन मुलांना कम्युनिटी कॉलेज (दोन वर्षांचं सरकारी कॉलेज) फुकट, वर सरकार पैसे देतं, आणि एच-४ वरची, म्हणजे एच-१बी वर नोकरी करणाऱ्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावरची, आपली मुलं मात्र मरतात. वाचून खरंच संताप आला.

‘सरकार पैसे देतं.’ कुठलं सरकार? फेडरल मदतीतला एक डॉलर या मुलांना मिळत नाही, गरीब विद्यार्थ्यांना वर्षाला ७,३९५ डॉलरपर्यंत मिळणारी, परत न करायची पेल ग्रँट नाही, फेडरल लोन पण नाही. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजात युनिटमागे (विषयाच्या क्रेडिटमागे) ४६ डॉलर फी आहे, ती गरीब घरच्या मुलाला माफ होते हे खरं, पण तशीच माफी तिथल्या गरीब सिटिझन मुलालाही आहे. आणि फी माफ झाली तरी लॉस एंजेलिसमधलं घरभाडं, पुस्तकं, रोजचं जाणं-येणं हे कोण भरणार?

‘बेकायदा आले म्हणून सवलत.’ साफ चूक. राज्यातल्या रहिवाशाइतकीच कमी फी लावणारा कॅलिफोर्नियाचा २००१ चा एबी ५४० कायदा मुख्यतः विचारतो की कॅलिफोर्नियात तीन वर्षं शिकून हायस्कूल पूर्ण केलंस का. इथे हायस्कूल करून नंतर नेवाडाला राहायला गेलेल्या अमेरिकन मुलालाही तीच फी लागते, म्हणून तर राज्याच्या सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये तो कायदा टिकवला. टेक्सासनेही २००१ मध्येच असा कायदा केला होता, पण जून २०२५ मध्ये केंद्राने केस टाकली, राज्याने विरोधच केला नाही आणि त्याच दिवशी तो बंद झाला, म्हणजे अर्ध्या कोर्सवर असलेल्या पोरांनी करायचं काय!

‘डाकावर नोकरी मिळते की.’ डाका (DACA) म्हणजे लहानपणी अमेरिकेत आणलेल्या मुलांना तात्पुरतं संरक्षण आणि वर्क परमिट देणारी योजना, आणि त्यासाठी १५ जून २००७ पासून सलग अमेरिकेत असावं लागतं. आज बारावी होणारं पोर तेव्हा जेमतेम जन्मलेलं, किंवा तेही नाही, आणि नवे अर्ज कोर्टाच्या भानगडीत अडकलेत. त्यामुळे बहुतेकांना कॉलेजच्या लायब्ररीतलं कामसुद्धा करता येत नाही. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या १९८२ च्या निकालाने या मुलांना शाळेचं दार उघडलं पण ते बारावीपर्यंतच, पुढे फॉर्मवर सोशल सिक्युरिटी नंबरचा रकाना आला की कित्येकांना तेव्हा पहिल्यांदा कळतं की आपल्याकडे तो नाहीच.

आणि एच-४ चं म्हणाल तर आपल्या मुलांनाही पेल नाही, २१ पूर्ण झाले की आईबाबांच्या व्हिसावरूनही उतरावं लागतं. हे नियम त्या मेक्सिकन पोरांनी केलेले नाहीत. राग काढायचाच तर आपल्या भागाच्या काँग्रेसमनला पत्र लिहा, आणि त्यात दोघांचंही लिहा.