दोनशे चाळीस रुपयांचा उजेड

आधी हिशेब सांगतो. चार फुटी एलईडी ट्यूब, २४० रुपये. ती सध्या धायरीतल्या एका फ्लॅटच्या हॉलमध्ये आहे आणि तो फ्लॅट माझा नाही.

बँकेची लिलाव नोटीस पेपरात वाचली. टू बीएचके, राखीव किंमत ३८ लाख, बयाणा दहा टक्के, ताबा सांकेतिक. सांकेतिक ताबा म्हणजे बँकेनं दाराला नोटीस चिकटवायची आणि दारामागच्यांनी पूर्वीसारखेच पोहे खायचे, हे तिथं गेल्यावर कळलं. बँकेचा साहेब खाली गाडीपाशीच थांबला. "तुम्ही बघून या. मला ते ओळखतात."

दार काकांनी उघडलं. बनियन, लेंगा, हातात पोह्यांची बशी. "लिलाव ना? चपला आत घ्या, बाहेरच्या जातात. तुम्ही सातवे. त्या वहीत नाव-नंबर लिहा."

मी लिहिलं. मुलगी बघायला गेल्यासारखा सोफ्याच्या कडेला टेकलो. पोहेही आले. मग काकांनी घर दाखवलं, आणि ब्रोकरसुद्धा दाखवणार नाही इतकं प्रामाणिकपणे दाखवलं. "बाथरूमचा उतार उलटा आहे, पाणी हॉलकडे येतं. बिल्डरला सांगून मी दमलो, आता तुम्ही सांगा."

"मेंटेनन्स किती थकलाय?"

"ते सेक्रेटरीला विचारा. मी त्याच्यासमोरून जात नाही." मग मला खालून वर न्याहाळत म्हणाले, "उंची किती तुमची?"

"पाच-दहा."

"वा! सहावे अगदीच बुटके होते. खालच्या दुकानातून एक ट्यूब आणता? तुमचंच घर होणारे."

आणली. स्टुलावर चढलो, काकांनी स्टूल धरलं. माळ्यावर गणपतीचं मखर दिसलं, जुन्या साडीत नीट गुंडाळून ठेवलेलं. यंदा मांडणार का, असं तोंडावर आलं होतं. खाली उतरलो.

तरी बयाणा भरला, ३ लाख ८० हजार. त्या रात्री नियम वाचले. बोली लागली की पंचवीस टक्के फार तर पुढच्या कामाच्या दिवशी, उरलेले पंधरा दिवसांत, चुकलं की भरलेलं जप्त. ज्यानं हप्ते थकवले त्याला साठ दिवसांची नोटीस, आणि ज्यानं कुणाचं काही बुडवलं नाही त्याला पंधरा! वर 'जसे आहे, जेथे आहे'. म्हणजे उलटा उतार, थकलेला मेंटेनन्स, आतले काका, सगळं माझ्या गळ्यात. काकांना बाहेर काढायचं कुणी, असं विचारलं तर साहेब म्हणाले, "प्रोसेस आहे." किती दिवसांची? "प्रोसेस आहे."

लिलावाच्या दिवशी सकाळी अकराला लॉगिन केलं. स्क्रीनवर: रद्द. डीआरटीतून, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणातून, स्थगिती आली होती. बयाणा परत मिळेल, बिनव्याजी, प्रोसेसनं.

काल अनोळखी नंबरवरून मेसेज आला. "ट्यूब लुकलुकतेय. बिल तुमच्याकडेच आहे ना? वर्षाची वॉरंटी असते."

सगळे खिसे तपासले. सापडलं, पँट धुतल्यामुळे अर्धंच.