तारीख कशी मिळवावी: नव्या वकिलांसाठी काही उपयुक्त सूचना

सनद मिळाली, काळा कोट शिवून झाला, पांढरे बँडही आले. अभिनंदन! आता कायद्याची पुस्तकं काचेच्या कपाटात लावून टाका. पक्षकार समोर बसला की तुमच्या डोक्यामागे ती दिसली पाहिजेत, त्यांचं तेवढंच काम. वकिली चालते ती तारखेवर. रावेर घ्या, शहादा घ्या, शिरपूर घ्या, कुठल्याही कोर्टाच्या आवारात चहाच्या टपरीजवळ पाच मिनिटं उभं राहा. 'काय झालं?' या प्रश्नाला एकच उत्तर ऐकू येईल: 'तारीख पडली.' ती आपोआप पडत नसते, पाडावी लागते. मागच्या सोमवारी समोरच्या बाजूने ही कला इतक्या सफाईने करून दाखवली की ती पुढच्या पिढीपर्यंत पोहोचवणं कर्तव्यच झालं आहे.

सुरुवात वकीलपत्रापासून करा. सही घेताना सोबत दोन-चार कोऱ्या कागदांवरही घेऊन ठेवा. 'लागतात' एवढं सांगितलं की पुरे, कशाला लागतात हे कोणी विचारत नाही. फी रोख घ्या. पावती मागणारा पक्षकार संशयी स्वभावाचा असतो, त्याला तसं बोलून दाखवा. अशिलाच्या पैशांचा हिशेब ठेवावा, असं बार कौन्सिलच्या नियमांत आहे. नियम करणाऱ्यांनी नियम केले, त्यांचं काम झालं.

दाव्यात कैफियत, म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर, द्यायला कायद्याने ३० दिवस, फार तर ९० दिवस दिले आहेत. तेवढे जाऊ द्या. 'विना कैफियत'चा आदेश झाला की तो रद्द करण्याचा अर्ज टाका. हा अर्ज पक्षकाराला वेगळं काम म्हणून सांगता येतो आणि वेगळ्या कामाची फी वेगळी असते.

शेतरस्ता अडवला म्हणून कोणी शेतकरी आला तर त्याला मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ सांगू नका. कलम ५ खाली तो थेट तहसीलदाराकडे जाऊ शकतो, मात्र रस्ता अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. सातव्या महिन्यापर्यंत 'बघतो, कागद काढतो' म्हणत राहा. मग दिवाणी दावा करा, मनाई हुकमाचा अर्ज जोडा, कोर्ट कमिशनर मागा. तोवर त्याची केळी कापणीला येते आणि ट्रॅक्टर बांधाअलीकडेच उभा राहतो. घड खांद्यावरून वाहून आणायची मजुरी दाव्यात मागता येईल का, हेही त्याला 'बघतो' म्हणून सांगा.

आता मुख्य विद्या: साक्षीदार हजर असताना तारीख घेणे.

आदल्या रात्री ई-कोर्ट्सच्या ॲपवर बोर्ड, म्हणजे उद्याच्या प्रकरणांची यादी, पाहा. प्रकरण उलटतपासाला लागलं आहे आणि साक्षीदार धडगावच्या वरच्या पाड्यावरचा आहे, हे तुम्हाला ठाऊक असतं. उद्या आपण उलटतपास घेणार नाही, हेही ठाऊक असतं. अशा वेळी समोरच्या वकिलाला फोन करू नका. हे सगळ्यात महत्त्वाचं. संध्याकाळी सातला एक फोन गेला तर तो माणूस अंधारात उठत नाही, जीपच्या टपावर बसत नाही, पुढे एसटी धरत नाही, त्याची मजुरी बुडत नाही. मग मजा काय राहिली?

सकाळी ज्युनिअरला पाठवा. त्याला फाईल देऊ नका, फक्त अर्ज द्या. मजकूर ठरलेला आहे: 'प्रतिवादीचे वकील मा. उच्च न्यायालयाच्या खंडपीठात कामात व्यस्त असल्याने आज रोजी उलटतपास घेऊ शकत नाहीत. सबब न्यायाचे दृष्टीने मुदत मिळावी, ही विनंती.' खंडपीठ संभाजीनगरला आहे आणि तिथे आज कोण उभं आहे हे कोणी बघायला जात नाही. लग्नसराईत खंडपीठ पाचोऱ्याच्या मंगल कार्यालयातही भरतं. पुकारा झाला की ज्युनिअरने मान खाली घालून अर्ज पुढे सरकवावा. न्यायाधीशांनी 'तुम्ही घ्या उलटतपास' म्हटलं तर 'फाईल सीनियरांकडे आहे' हे वाक्य पाठ हवं.

मग समोरच्या वकिलाने अर्जावर 'हरकत नाही' लिहायचं असतं. तो लिहितो. उद्या त्यालाही लागणार असतं. पक्षकार दोन, साक्षीदार एक, आणि सोय दोन्ही वकिलांची. असा सहकार जिल्ह्यातल्या सहकारी संस्थांनाही जमला नाही.

हरकत आलीच तरी घाबरू नका. फार तर पाचशे-हजार खर्च बसतो, तो पक्षकाराच्याच खिशातून भरायचा. पुढच्या तारखेलाही हेच करा. कोर्ट चिडून 'उलटतपास नाही' असा आदेश करील. तो रद्द करायचा अर्ज टाका, पुन्हा खर्च, पुन्हा मुदत. अर्ज फेटाळला तर अनुच्छेद २२७ खाली खंडपीठात रिट आहेच. खालच्या कोर्टात 'रिट दाखल केले आहे, स्थगितीसाठी प्रलंबित' अशी पुरशिस, म्हणजे लेखी माहिती, द्या आणि पाय पसरून बसा. दरम्यान साक्षीदार म्हातारा असेल तर उत्तमच. सरतपासाचं, म्हणजे साक्षीदाराच्या मूळ जबानीचं, प्रतिज्ञापत्र दाखल झालं, उलटतपास झालाच नाही आणि माणूस गेला, की त्या प्रतिज्ञापत्राला पुरावा म्हणून जवळजवळ किंमत राहत नाही. जमिनीला एकमेव साक्षीदार असेल तर जमीनही त्याच्याबरोबर गेली.

आता कोणी म्हणेल, याविरुद्ध कायदा नाही का? आहे की! दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश १७, नियम १ काढा. २००२ पासून दुरुस्ती लागू आहे. सुनावणीत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुबी नाहीत. वकील दुसऱ्या कोर्टात आहे, हे कारण चालणार नाही, अगदी याच अर्थाने लिहिलंय. वकील आजारी असेल तरी, दुसरा वकील वेळेत का नेमता आला नाही ते सांगावं लागतं. साक्षीदार हजर असेल आणि वकील तयार नसेल, तर कोर्ट त्याची साक्ष नोंदवून पुढे जाऊ शकतं. फौजदारीत भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३४६ हेच सांगतं. साक्षीदार हजर असताना, खास कारण लेखी नोंदवल्याशिवाय, त्याला न तपासता तहकुबी नाही, आणि वकिलाची दुसरीकडची व्यस्तता तिथेही कारण नाही. म्हणजे तुमच्या त्या ठरलेल्या अर्जात जे एकमेव कारण लिहिलेलं असतं, तेच कायद्याने नाव घेऊन नाकारलेलं आहे! तरीही तो अर्ज रोज टाईप होतो, कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडे त्याचा नमुनाच तयार असतो, फक्त तारीख आणि दाव्याचा नंबर बदलायचा. आणि तो साक्षीदार बाहेर बाकावर बसलेला असतो. समन्सचा कागद चार घड्या करून प्लास्टिकच्या पिशवीत आधार कार्डाबरोबर ठेवलेला. सकाळपासून पाणी प्यायलाही उठलेला नाही, कारण पुकारा झाला आणि आपण नसलो तर वॉरंट निघेल, असं त्याला कोणीतरी सांगितलंय. दुपारी दीडला पट्टेवाला त्याला सांगतो, 'जा बाबा, पुढची तारीख घे.' तो विचारतो, 'साहेब, आज काय व्हयनं?' काय सांगायचं त्याला? साक्षीदार भत्ता? त्याचा अर्ज कोणी करायचा हे त्याला माहीत नाही आणि ज्यांना माहीत आहे ते 'हरकत नाही' लिहून चहाला गेलेत.

असो. पुढच्या सूचना थोडक्यात.

अपघात आणि भूसंपादनाच्या प्रकरणात फी टक्क्याने ठरवा. निकालावर अवलंबून फी ठरवायला बार कौन्सिलची मनाई आहे, म्हणून ती तोंडी ठरवा. रक्कम आता थेट दावेदाराच्या खात्यात जमा होते, तेव्हा सही केलेला कोरा धनादेश आधीच घेऊन ठेवा. महामार्गात जमीन गेलेल्या शेतकऱ्याला टक्केवारीचं गणित पटकन समजतं, तो आधीच एकदा कापला गेलेला असतो.

स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, अपंग आणि कोठडीतल्या माणसांना विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, हे १९८७ च्या कायद्याचं कलम १२ सांगतं. नंदुरबार जिल्ह्यात दोन तृतीयांशांहून जास्त लोक आदिवासी आहेत. हे वाक्य तिथे मोठ्याने वाचू नका. १५१०० हा या मोफत सेवेचा नंबरही देऊ नका.

लोकअदालतीत तडजोड झाली तर कोर्ट फी परत मिळते आणि अपील राहत नाही. अपील नसेल तर आपण जेवायचं काय?

अर्जात दाखवायचे न्यायनिवाडे एआय यंत्राकडून लिहून घ्या, ते खरे आहेत का हे समोरचा वकील तपासेल.

काम बंद ठेवा. असहकाराच्या काळात वकिलांनी देशासाठी वकिली सोडली होती. आपण निदान दुपारनंतर तरी सोडू शकतो. कॅप्टन हरीश उप्पल प्रकरणात २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने वकिलांना संपाचा अधिकार नाही असं म्हटलं, पण त्याला कित्येक वर्षं झाली, निवाडेही थकतात.

पक्षकार कंटाळून दुसरा वकील करतो म्हणाला तर फाईल अडवून ठेवा. 'आधी बाकी भरा, मग नाहरकत देतो.' फी बाकी असली तरी वकिलाला कागद अडवता येत नाहीत, असं आर. डी. सक्सेना प्रकरणात २००० साली ठरलं आहे. पण पक्षकाराला ते इंग्रजी कुठे वाचता येतं?

आणि शेवटची आनंदाची बातमी. १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही. मिक्सर बिघडला तर ग्राहक आयोगात जाता येतं, दावा बिघडला तर नाही. उरली राज्य बार कौन्सिलकडची तक्रार, ॲडव्होकेट्स ॲक्टचं कलम ३५. एक वर्षात निकाल लागला नाही तर ती दिल्लीला, बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जाते. तक्रारदार धडगावहून जाईल दिल्लीला? नाही जाणार. तुम्ही निश्चिंत राहा.

पण त्या निकालात न्यायालयाने वकिलांना का सोडलं, ते वाचलंय का कोणी? वकिली हा धंदा नाही, व्यवसाय आहे, व्यापाऱ्याचं माप याला लावता येत नाही, म्हणून सोडलं. आणि आपण दुकानदाराइतकीही शरम ठेवली नाही. दुकानदार निदान दुकान बंद असेल तर आदल्या दिवशी पाटी लावतो.

न्यायाधीश कमी आहेत, इमारती जुन्या आहेत, स्टेनो दोन कोर्टांत विभागलेली असते, समन्स बजावून येत नाही. सगळं खरं. बारच्या सभेत हे सगळं बोलून झालंय. पण मागच्या सोमवारी सकाळी न्यायाधीश बसले होते, स्टेनो बसली होती, साक्षीदार उभा होता. नव्हता तो वकील. मग खटले तुंबले म्हणून सरकारच्या नावाने कोणत्या तोंडाने ओरडायचं?

मुदत हवी आहे ना? आदल्या संध्याकाळी फोन करा. ज्युनिअरला पाठवताय ना? त्याला फाईल द्या, प्रश्न काढून द्या, उभं राहू द्या, चुकू द्या; तो वकील व्हायला आलाय, अर्ज पोहोचवायला नाही. उलटतपास झेपत नसेल तर रीतसर नोटीस देऊन वकीलपत्रातून बाहेर पडा आणि कागद परत करा, दुसरा कोणीतरी करील. आणि सवयीने 'हरकत नाही' खरडणाऱ्या आपल्या बाजूच्या मंडळींनो, तुम्ही तर जास्तच. कोणाच्या वतीने नाही हो हरकत? त्याला विचारलंत? लिहा: 'साक्षीदार हजर आहे. मुदतीस सक्त हरकत. साक्षीदाराचा भत्ता व प्रवासखर्च मुदत मागणाऱ्याने आजच द्यावा.' रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवसाच्या नोंदीत, हे लिहून घ्या आणि पैसे त्याच दिवशी, तो बाकावरून उठायच्या आत, त्याच्या हातात द्या.