कर सगळेच भरतात
मोजकेच लोक प्राप्तिकर भरतात, म्हणून कराचा सारा भार त्यांच्यावरच पडतो, हे एका लेखात वाचलेले विधान मला पटत नाही. ठाण्यात आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताई जांभळी नाक्यावरून साबणाची वडी घेतात, तेव्हा सप्टेंबर २०२५ पर्यंत तीवर १८ टक्के जीएसटी होता, आता ५ टक्के आहे. घोडबंदर रोडवरच्या आलिशान सदनिकेचा मालकही त्याच वडीवर तेवढाच कर देतो, पण ताईंच्या कमाईतून हा कर किती मोठा घास घेतो, हे प्राप्तिकराच्या आकड्यांत कुठेच दिसत नाही. श्रीमंतांच्या मालमत्तेवर लागणारा संपत्ती कर तर २०१५ च्या अर्थसंकल्पातच रद्द झाला. शेअर वर्षभर ठेवून विकल्यास सव्वा लाखापुढील नफ्यावर साडेबारा टक्के, आणि पगारदाराला वरच्या टप्प्यात ३० टक्के, ही तफावत आधी दूर व्हायला हवी.